नमुना पांढरीत ठरतो

महाराष्ट्रातल्या जुन्या गावांत मातीची दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे माणसे एका जागी राहिली, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, चुलीची राख, शेण, हाडे आणि खापरे एकावर एक साचत गेली, की जी फिकट, भुसभुशीत माती तयार होते तिला पांढरी म्हणतात. आणि नदीकाठच्या अशा पांढरीच्या टेकाडांतच महाराष्ट्राचा लेखी साधनांपूर्वीचा बराचसा इतिहास दडलेला आहे. शेतकरी ही माती ट्रॉल्या भरभरून शेतात नेऊन टाकतो, कारण ती खतासारखी लागू पडते. पुरातत्त्वज्ञाला ती हवी असते तीही नेमक्या त्याच कारणासाठी: तिच्यात फॉस्फरस आहे, चुना आहे, कोळसा आहे, हाडांचा चुरा आहे. शेतकऱ्याला मातीचा हा गुण अनुभवाने ठाऊक असतो. पुरातत्त्वात एम.ए. होऊन बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी बहुतेकांना मात्र तो कुणी हातात माती देऊन शिकवलेला नसतो.

पुरातत्त्वात विज्ञान आणले पाहिजे, ही मागणी आता सगळेच करतात. प्राचीन डीएनए, कार्बनवरून काढलेल्या तारखा, समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून, ओळखलेला आहार हे विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात आणि त्यांवर राजकीय वादही झडतात. साधनांच्या बाबतीतही आपण पूर्वीइतके दरिद्री राहिलेलो नाही. कार्बनच्या मोजमापासाठी लागणारी त्वरकयंत्रणा दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहे, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत आहे. प्राचीन डीएनएचे काम लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत चालते. गांधीनगरच्या आयआयटीत पुरातत्त्वीय विज्ञानांचे स्वतंत्र केंद्र आहे. असे असूनही आपल्याकडच्या उत्खननांतून निघणारे वैज्ञानिक निष्कर्ष पुन्हा पुन्हा वादात सापडतात, आणि माझ्या मते त्याचे मुख्य कारण यंत्रांची उणीव हे नाही. यंत्रापर्यंत पोहोचणारा नमुना कोणत्या प्रश्नासाठी, कोणत्या थरातून आणि कसा उचलायचा हे ठरवणारा माणूस घडवण्याची व्यवस्था आपण उभी केलेली नाही, हे ते कारण आहे. नमुन्याचे भवितव्य पांढरीत ठरते. प्रयोगशाळेत फक्त ते कळते.

ही व्यवस्था आपल्याकडे कधीच नव्हती असे मात्र नाही, आणि निदान पुणेकरांनी तरी तसे म्हणू नये. डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले तेव्हा तिथे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आले आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वेही आल्या. १९४० च्या दशकात गुजरातमधल्या लांघणज येथे मानवी सांगाडे सापडू लागले, तेव्हा सांकलियांबरोबर कर्वे तिथे काम करत होत्या; म्हणजे हाडांचा अभ्यास करणारी व्यक्ती हाडे निघताना जागेवर हजर होती. पुढच्या काळात याच संस्थेत शरद राजगुरूंनी नदीकाठच्या गाळांचा अभ्यास केला, मु. द. काजळे यांनी जळक्या धान्याचा, पी. के. थॉमस यांनी जनावरांच्या हाडांचा आणि सु. रा. वाळिंबे यांनी मानवी सांगाड्यांचा. कार्बनच्या तारखांसाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात प्रयोगशाळा चालू होती आणि पुढे ते काम अहमदाबादला गेले. जुन्या अहवालांत तारखांच्या आधी येणारी ‘टीएफ’ आणि ‘पीआरएल’ ही अक्षरे त्याच दोन ठिकाणांची आहेत.

या सगळ्याचे फळ म्हणजे इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत १९६८ पासून दीड दशकाच्या आसपास खोदकाम चालले. इ.स.पू. १६०० च्या सुमारास सुरू होऊन इ.स.पू. ७०० च्या सुमारास संपलेल्या या वस्तीत शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले आणि घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेल्या दोन-दोन कुंभांत लहान मुलांची दफने मिळाली. पण इनामगावचे मोल या यादीत नाही. शेवटच्या टप्प्यात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या का आल्या, लोक शेतीकडून शिकारीकडे आणि पशुपालनाकडे का झुकले, या प्रश्नाला उत्तर देताना म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धान्य, हाडे, घरांचे आकार आणि पर्जन्यमान हे सगळे पुरावे एकत्र मांडले. पाऊस कमी झाल्याने वस्ती खालावली हा त्यांचा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला असे नाही. त्यावर टीका झाली आहे आणि ती व्हायलाच हवी. मात्र ती टीका करता आली, कारण पुरावा प्रश्नासह गोळा केलेला होता. त्या काळच्या विद्यार्थ्याला या सगळ्या मंडळींबरोबर एकाच तंबूत जेवायला मिळे, आणि हाडे कशी उचलावीत हे तो पाठ्यपुस्तकाआधी त्यांच्या हातांकडे पाहून शिके.

नंतरच्या काळात विज्ञान वाढले, शाखा वाढल्या, यंत्रे माणसाच्या आवाक्याबाहेर महाग झाली आणि तंबूतली ती पंगत मोडली. आज उत्खननाच्या शेवटी पिशव्या भरल्या जातात, पिशव्यांवर क्रमांक पडतात, आणि मग कुणाच्या तरी ओळखीने त्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत जातात, बऱ्याचदा परदेशात. काही महिन्यांनी दोन पानांचा अहवाल येतो. तो प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडला जातो आणि त्यातला एक आकडा उचलून प्रकरणात घातला जातो. मोजणारा माणूस आणि खोदणारा माणूस यांची गाठ पडत नाही. एका उत्खननात कोळशाचे तुकडे कापसात गुंडाळून, वर वर्तमानपत्राचा कागद लावून पत्र्याच्या डब्यात ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत. कापूस आणि कागद दोन्ही कार्बनचेच बनलेले, त्यामुळे त्यांचे तंतू नमुन्यात मिसळले की मोजणी बिघडण्याचा धोका असतो. म्हणून कोळसा अॅल्युमिनियमच्या फॉईलमध्ये ठेवायचा, हे कुणी त्या मुलांना सांगितलेच नव्हते. तीन वर्षांनी डबा उघडला तेव्हा चिठ्ठीवरची शाई उडाली होती आणि आतल्या कोळशावर बुरशी होती. जपून ठेवावे म्हणून त्यांनी ते केले होते, त्यामुळे त्यांच्यावर रागावणेही शक्य नव्हते.

डब्यातली बुरशी निदान डोळ्यांना दिसते. आकड्यांतली चूक दिसत नाही, आणि तिचे सर्वात चांगले उदाहरण म्हणजे कार्बनच्या तारखा. नमुन्यात उरलेल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून प्रयोगशाळा जे वय देते ते १९५० या वर्षापासून मागे मोजलेले असते आणि ते पंचांगातले वय नसते, कारण वातावरणातले किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण सर्व काळांत सारखे नव्हते. ते वय झाडांच्या वलयांवरून तयार केलेल्या वक्राशी ताडून पाहावे लागते. आता समजा, एका विद्यार्थिनीला २४५० अधिक-उणे ३० असा आकडा मिळाला. तिने त्यातून १९५० वजा केले आणि इ.स.पू. ५०० असे लिहून टाकले. वक्राशी ताडून पाहिल्यावर मात्र तोच आकडा इ.स.पू. सुमारे ७५० पासून ४१० पर्यंत कुठेही बसू शकतो, कारण इ.स.पू. ८०० ते ४०० या चार शतकांत तो वक्र जवळजवळ सपाट आहे, म्हणजे त्यांतल्या वेगवेगळ्या वर्षांना प्रयोगशाळेचे वय जवळजवळ एकच येते. सपाट भागातली तारीख अचूक यंत्रावर पुन्हा पुन्हा मोजली तरी फारशी अरुंद होत नाही.

ही चार शतके म्हणजे आपल्या इतिहासातला भलताच महत्त्वाचा काळ आहे. गंगेच्या खोऱ्यातली नगरे, बुद्ध आणि महावीर, लोखंडाचा प्रसार, सगळे याच पट्ट्यात येते. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना १९७८ ते १९८० या काळात लोखंड गाळण्याची जी भट्टी सापडली, ती आणि विदर्भातल्या शिळावर्तुळांचा, म्हणजे दफनांभोवती मांडलेल्या मोठ्या दगडांच्या वर्तुळांचा, मोठा भाग याच सपाट पट्ट्याच्या आसपास येतो. तमिळनाडूत कीळडीच्या उत्खननातला एक नमुना इ.स.पू. सहाव्या शतकातला असल्याचे फ्लोरिडातल्या प्रयोगशाळेच्या मोजणीवरून २०१९ साली जाहीर झाले आणि त्यावरून देशभर चर्चा उसळली. ती तारीख चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही. पण इ.स.पू. सहावे शतक हे शब्द ऐकल्याबरोबर ज्याच्या मनात तो सपाट वक्र उभा राहत नाही, अशा पुरातत्त्वज्ञाला त्या चर्चेत बाजू घेण्याइतके साधन आपण दिलेले नाही. अशा काळाचा निर्णय लावायचा तर एकाच थरातून नव्हे, एकावर एक असलेल्या अनेक थरांतून क्रमाने नमुने घ्यावे लागतात, म्हणजे थरांचा क्रम संख्याशास्त्राच्या मदतीने तारखा अरुंद करतो. हा निर्णय खोदकाम चालू असतानाच घ्यावा लागतो. अहवाल आल्यावर तो घेता येत नाही, कारण तोवर थर उकरून गेलेले असतात.

दख्खनच्या जमिनीचा आणखी एक स्वभाव आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगा हातभर, कधी त्याहून खोल जातात. वरच्या शेतातला दाणा, जळालेले धसकट, उंदराने ओढलेले कणीस या भेगांतून खाली उतरते, पहिल्या पावसाने भेग मिटते, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरात कालचा दाणा निवांत जाऊन बसतो. म्हणून महत्त्वाचा दाणा सापडला तर त्याच्या थराच्या तारखेवर विसंबून न राहता तोच दाणा स्वतंत्रपणे मोजायचा, हा नियम झाला. नव्या यंत्रांना काही मिलिग्रॅम कार्बन पुरतो, त्यामुळे ते शक्यही आहे. कोळशाच्या मोठ्या तुकड्यापेक्षा दाणा बरा, याला आणखीही एक कारण आहे: लाकूड दीडशे वर्षांच्या सागाच्या गाभ्यातले असू शकते, जव मात्र एकाच हंगामाचे असते. एवढ्या दोन गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याला कळल्या तरी कित्येक प्रबंधांतले कालनिर्णयाचे प्रकरण वेगळे लिहिले जाईल.

दाणे ओळखण्याची गोष्टही अशीच आहे. पांढरीची माती पाण्याच्या पिंपात हळूहळू ओतली की जड माती खाली बसते आणि जळके दाणे वर तरंगतात. ते बारीक जाळीच्या चाळणीवर घ्यायचे, उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचे, नाहीतर ते तडकतात, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहायचे. पिंप, चाळणी आणि धीर एवढेच भांडवल. खरी कसोटी पुढे लागते. राळा, वरी, सावा, कोद्रा, नाचणी हे जळून आक्रसलेले दाणे एकमेकांसारखे दिसतात. नाचणी मूळची आफ्रिकेतली, त्यामुळे तिचा दाणा जुन्या थरात सापडला म्हणजे समुद्रापलीकडच्या संपर्काचा पुरावा मिळाला असा अर्थ निघतो; आणि जुन्या अहवालांत नाचणी म्हणून नोंदवलेले काही दाणे फेरतपासणीत इथलीच भरडधान्ये निघाली आहेत. एका दाण्याच्या ओळखीवर दोन खंडांचा संबंध टांगलेला असतो. हे टाळायचे तर विद्यार्थ्याने बाजारातून दहा प्रकारची भरडधान्ये आणून, स्वतः भट्टीत जाळून, त्यांचा तुलनासंग्रह तयार केला पाहिजे. आमच्याकडच्या एका मुलीने हे केले तेव्हा तिला सगळ्यात जास्त मदत तिच्या आजीची झाली, कारण तिने वरी आणि राळा आयुष्यभर सुपात पाखडले होते.

जुन्नर तालुक्यातल्या बोरीचे प्रकरण तर प्रत्येक वर्गात एक आठवडाभर शिकवावे असे आहे. कुकडी नदीच्या काठी तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळतात. १९८० च्या दशकात पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने, म्हणजे खनिजातल्या पोटॅशियमपासून काळानुसार साचत जाणारा अरगॉन वायू मोजून, त्या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले. पुढे अरगॉनच्याच सुधारित पद्धतीने ते पावणेसात लाखांच्या आसपास आले. तिसऱ्या गटाने राखेच्या रासायनिक घडणीवरून ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची ठरवली, तर आणखी काहींनी टोबाच्याच बऱ्याच जुन्या स्फोटाशी तिचा संबंध जोडला. राख एकच, नदी एकच, आणि वयांत पंधरा-वीस पटींचा फरक.

हा फरक यंत्रे बिघडल्यामुळे पडलेला नाही. राख जिथे आकाशातून पडली तिथेच आहे की ओढ्यानाल्यांनी वाहून आणून पुन्हा साठवली आहे, आसपासच्या साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या पाषाणाचे कण तिच्यात मिसळले आहेत का, हातकुऱ्हाडी राखेखालच्या गोट्यांच्या थरातल्या आहेत की वरून घसरून आलेल्या, हे सगळे प्रश्न नदीच्या काठावर उभे राहूनच सोडवायचे असतात. प्राचीन पाषाणाचे थोडेसे कण राखेत आले तरी मोजलेले वय वाढते. थोर अभ्यासकांनीही या प्रश्नावर वर्षानुवर्षे घालवली आहेत, त्यामुळे कुणाचे चुकले हे सांगण्याचा हा प्रसंग नाही. मला इतकेच दाखवायचे आहे की इथे भूविज्ञान, रसायन आणि खोदकाम यांतले एकही ज्ञान दुसऱ्यावाचून पुरत नाही, आणि ही तिन्ही थोडी-थोडी तरी एकाच डोक्यात असावी लागतात. कोकणातल्या कातळशिल्पांचेही तेच आहे. ती दहा-बारा हजार वर्षांची आहेत असे आत्मविश्वासाने सांगितले जाते, पण जांभ्या दगडात कोरलेल्या रेषेत कार्बन नसतो, आणि त्यामुळे थेट तारीख मिळत नाही. ‘तारीख काढा’ अशी मागणी करणाऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगणारा तरुण संशोधक, हीही प्रशिक्षणाचीच निष्पत्ती आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुरातत्त्वज्ञाला अर्धवट शास्त्रज्ञ करण्यात काय हशील? रसायन रसायनज्ञाने करावे, हाडे शरीरशास्त्रज्ञाने पाहावीत, आणि पुरातत्त्वज्ञाने आपली खापरे आणि शिलालेख सांभाळावेत. नाहीतर दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो. या आक्षेपात तथ्य आहे. तीन वर्षांत कुणी वर्णपटमापक चालवण्यात पारंगत होत नाही, आणि अर्धवट आत्मविश्वास हा निखळ अज्ञानापेक्षा घातक असतो, हेही खरे. पण या आक्षेपाने असे गृहीत धरले आहे की चुका प्रयोगशाळेत होतात. वरच्या उदाहरणांत कापूस, भेगा, लाकडाचा गाभा, वाहून आलेली राख यांपैकी एकही गोष्ट प्रयोगशाळेतल्या माणसाला आपण होऊन कळू शकत नव्हती. रसायनज्ञाला पिशवी मिळते, थर मिळत नाही. म्हणून मी मागतो आहे ती वेगळी गोष्ट आहे: प्रत्येकाला दोन-तीन पद्धतींच्या मर्यादा नीट कळाव्यात, एका पद्धतीत प्रत्येकाने स्वतःच्या हाताने वर्षभर काम केलेले असावे, आणि बाकीच्या पद्धतींच्या जाणकाराशी त्याला त्याच्या भाषेत बोलता यावे.

सध्या या गरजेवर काढलेला तोडगा म्हणजे कार्यशाळा. तीन दिवस, फलक, पुष्पगुच्छ, पहिल्या दिवशी उद्घाटनाची भाषणे, दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलेखांची रांग, तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेची काचेपलीकडून फेरी आणि प्रमाणपत्र. अशा कार्यशाळांना मी गेलो आहे, एकदोनदा तिथे बोललोही आहे, आणि त्यांतून विद्यार्थ्यांना ओळखी मिळतात हे मान्य करतो. पण तीन दिवसांत पोहणे शिकवता येत नाही. मॉर्टिमर व्हीलर १९४४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले, तेव्हा त्यांना दिसले की देशात थर वाचता येणारी माणसेच नाहीत. त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षणाचे उत्खनन मांडले आणि देशभरातल्या तरुणांना तिथे महिनोन्‌महिने राबवले. पुढे नावारूपाला आलेले ब्रजबासी लाल त्याच शाळेतले. व्हीलर यांच्या इतर मतांविषयी वाद असू शकतो. पण एक कौशल्य सगळ्या देशात नाही म्हणून इतर कामे थोडी बाजूला ठेवून ते शिकवणे, हा निर्णय त्यांनी युद्धाच्या काळात घेतला. थर वाचण्याच्या जागी आज नमुना वाचणे आले आहे, एवढाच काय तो बदल.

तक्षशिलेसारखे काही आज करायचे तर त्यासाठी नवी टेकाडे खोदण्याची गरज नाही, उलट ती तशीच राहू द्यावीत. संस्थांच्या कोठारांत दशकांपूर्वीच्या उत्खननांची हाडे, खापरे आणि मातीच्या पिशव्या आहेत. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतल्या सांगाड्यांचा संग्रह पुण्यात आहे. दातांतल्या समस्थानिकांवरून लहानपणीचे पाणी आणि आहार आज ओळखता येतात. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इनामगावच्या त्या शेवटच्या टप्प्यात, पाऊस खरोखरच आटला होता का, हा जुना वाद त्यातून पुढे नेता येईल. अर्थात दात कापला की कापला. किती कापायचा, कोणाचा कापायचा, आधी त्याची छायाचित्रे आणि त्रिमिती प्रतिकृती कशी घ्यायची, आणि उरलेला अर्धा पुढच्या पिढीसाठी कसा राखायचा, हे ठरवणे हाच मुळी शिक्षणाचा मोठा भाग आहे. जुन्या संग्रहावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वसूरींच्या नोंदीतल्या उणिवा बोचतात, आणि तो स्वतः खोदायला जातो तेव्हा चिठ्ठी पेन्सिलीने लिहितो.

दुसरी गोष्ट परवान्याची. उत्खननाची परवानगी मागणाऱ्या अर्जात नमुन्यांची योजना असावी: प्रश्न कोणता, नमुने किती, कोणत्या थरांतून, ते कोण उचलणार, कुठे तपासले जाणार आणि त्याचा खर्च आधीच बाजूला ठेवला आहे का. तपासणारी व्यक्ती खोदकामाच्या काळात निदान काही दिवस जागेवर येणार असेल तरच परवाना द्यावा. याला पैसा लागतो, आणि पैशाची गोष्ट निघालीच आहे तर सांगायला हवे की भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली आपल्या अहवालात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे खाते स्थळांच्या शोधावर आणि उत्खननावर एकूण खर्चाच्या एक टक्काही खर्च करत नाही, हे दाखवून दिले होते. यंत्रखरेदीला निधी तुलनेने सहज मिळतो, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार, वायूच्या टाक्या, दुरुस्तीचा करार आणि चाळणीवर बसलेल्या मुलीची शिष्यवृत्ती यांचे उद्घाटन होत नाही.

आणि मग नोकरी. मुलगा किंवा मुलगी पाच वर्षे जळक्या दाण्यांवर किंवा गाळाच्या कणांवर घालवते आणि बाहेर येते तेव्हा तिला दोन दारे दिसतात. इतिहास विभाग म्हणतो, हे विज्ञान झाले. विज्ञान विभाग म्हणतो, मूळ पदवी कुठली? नेट परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत तिच्या हाताची कसब मोजली जात नाही. यातली हुशार मुले मग केंब्रिजला, ट्यूबिंगेनला, जिथे बोलावतील तिथे जातात, आणि हरियाणातल्या हडप्पाकालीन भांड्यांत काय शिजत होते हे आपल्याला तिकडून कळते. ते कळते याचा आनंदच आहे. फर्माण्याच्या भांड्यांवर हळदीचे आणि आल्याचे कण ओळखले गेले तेव्हा कोणत्याही मराठी वाचकाला आपल्या स्वयंपाकघराची आठवण झाली असेल. पण ही माणसे परत आली तर बसणार कुठे, याचे उत्तर राज्यांच्या पुरातत्त्व संचालनालयांनी आणि विद्यापीठांनी पदांच्या रूपात द्यायला हवे. प्रत्येक मोठ्या विद्यापीठात एक पुरावनस्पतिज्ञ, एक हाडांचा जाणकार आणि एक गाळाचा जाणकार कायम पदावर असला तरी पुष्कळ झाले. सगळ्या विद्याशाखा सगळीकडे हव्यात असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

प्रबंधांच्या मूल्यमापनाबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते, कारण तिथे पैशाचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीतल्या एका स्त्रीच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या बातम्या जगभर पोहोचल्या. त्या अभ्यासात ६१ नमुने तपासले गेले होते आणि उपयोगी पडेल इतका डीएनए फक्त एकातून मिळाला. आपल्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए लवकर विरतो, आणि कानाजवळच्या टणक हाडात तो टिकण्याची शक्यता सर्वाधिक असते. हाडे निघाल्याबरोबर नळाखाली ब्रशने घासून धुतली, उघड्या हातांनी हाताळली, तर उरलासुरला डीएनएही आजच्या माणसांच्या डीएनएत बुडून जातो. आता कल्पना करा की त्या साठ नमुन्यांवर एखाद्या विद्यार्थ्याने तीन वर्षे काम केले आणि एकसष्टावा नमुना त्याच्या वाट्याला आलाच नाही. आपल्या विद्यापीठात त्याला पदवी मिळेल का? त्याचा मार्गदर्शक त्याला सांगेल का, की कोणत्या खोलीवरचे, कोणत्या मातीतले, कोणत्या प्रकारचे हाड हाती काही लागू देत नाही, याची साठ ओळींची तक्ताबद्ध नोंद पुढच्या उत्खननाआधी सगळ्यांनी वाचावी अशी आहे, आणि ती तशीच छापू या? माझ्या माहितीतल्या दोन मुलांनी अशा वेळी विषय बदलला. त्यांच्या वह्या कुठे आहेत, हे मला अजून कळलेले नाही.